परतलेला माणूस आणि प्रतीकाचा आग्रह

पोलिश इतिहासचित्रकलेत 'यासिर' ही संकल्पना वारंवार येते. क्रिमियाच्या तातारांनी पोलंड-लिथुएनियाच्या सरहद्दीवरून धरून नेलेली माणसे आणि त्यांची कैद, असे दोन्ही अर्थ या शब्दात आहेत. काफाच्या बाजारात अशा माणसांची विक्री होत असे. मूळ अरबी 'असीर' हा शब्द तुर्कीमार्गे पोलिशमध्ये गेला. उर्दू काव्याच्या वाचकाला तो परिचित आहे.

युझेफ ब्रांट यांनी १८७८ साली या कैद्यांची सुटका रंगवली. तेथे घोडदळ आहे, झटापट आहे, पराक्रम आहे. लेओपोल्ड लोफ्लर (१८२७–१८९८) यांच्या चित्राचे शीर्षक मात्र 'यासिरातून परत' असे आहे. सुटका ही घटना असते आणि ती रणांगणावर संपते. परतणे ही प्रक्रिया असते आणि ती उंबरठ्यावर सुरू होते. इतिहासचित्रातील वास्तववादाची खरी कसोटी या दुसऱ्या विषयात आहे.

अशा चित्रांचा रूढ अन्वयार्थ राष्ट्रीय रूपकाचा आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ या तीन फाळण्यांनी पोलंडचे राज्य नाहीसे झाले, ते १९१८ मध्ये पुन्हा उभे राहिले. १८६३ च्या उठावानंतर हजारो लोक सैबेरियात धाडले गेले. त्यामुळे कैदी म्हणजे पोलंड, हे समीकरण प्रेक्षकाला सहज सुचणारे होते. ते असत्य नाही, परंतु अपुरे आहे. राष्ट्राचे प्रतीक म्हातारे होत नाही, माणूस होतो. प्रतीकाला घरातली आपली जागा भरून गेल्याचे दिसत नाही, माणसाला दिसते.

इल्या रेपिन यांचे 'अनपेक्षित' हे रशियन चित्र (१८८४–८८) या संदर्भात उद्बोधक ठरते. हद्दपारीतून आलेला पुरुष खोलीत पाऊल टाकतो. वृद्ध स्त्री खुर्चीतून उठते, मुलाचा चेहरा उजळतो, लहान मुलगी मात्र साशंकतेने पाहते. भिंतीवरील शेव्हचेन्को आणि नेक्रासोव्ह यांची चित्रे राजकीय अर्थ सुचवतात. पण चित्राचे केंद्र ओळख पटण्याच्या त्या क्षणातच राहते. रेपिन यांनी आगंतुकाचा चेहरा पुन्हा पुन्हा बदलला, हेही लक्षणीय आहे. परतणाऱ्याच्या मुद्रेवर वीराचे तेज असावे की अपराध्याचा संकोच, हा प्रश्न केवळ रंगांचा नव्हता.

एरिख आउअरबाख यांच्या 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथाचा आरंभ ओडिसियसच्या व्रणापासून होतो, तोही घरी परतलेल्या माणसाची ओळख पटण्याच्या प्रसंगापासून. वृद्ध दाई त्याला ओळखते ती कीर्तीवरून नव्हे, मांडीवरच्या जुन्या जखमेवरून. ऐतिहासिक साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध हाच आहे. रूपकाचा अर्थ अवश्य लावावा. मात्र त्यासाठी व्रण पुसून टाकू नये. ज्या वाचनात राष्ट्र घरी येते आणि माणूस दाराबाहेरच राहतो, ते वाचन कितीही उदात्त असले तरी अपुरेच होय.