महाधिवक्ता कोणाचा वकील?

थेरगावच्या मतदाराला मत देण्याचे प्रसंग थोडे येत नाहीत. महापालिकेसाठी, चिंचवड विधानसभा मतदारसंघासाठी, मावळ लोकसभा मतदारसंघासाठी तो रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि पाळीची वेळ गाठण्यासाठी कारखान्याकडे निघून जातो. परंतु त्याच्या डोक्यावरचे छप्पर टिकणार की जाणार, याचा निर्णय पुष्कळदा या तिन्ही सभागृहांत होत नाही. तो मुंबईच्या उच्च न्यायालयात होतो. तेथे राज्याची बाजू मांडणारा सर्वोच्च विधी अधिकारी म्हणजे महाधिवक्ता. हा अधिकारी जनतेने निवडलेला नसतो, जनतेच्या प्रतिनिधींनी पारखून घेतलेलाही नसतो. आणि न्यायालयात राज्याच्या नावाने काय सांगितले, याचा जाब त्याला कोणत्याही सभागृहात द्यावा लागत नाही.

हा प्रश्न केवळ वकिलांच्या खोलीतील चर्चेचा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, ते औद्योगिक पट्ट्यातील कामगारांना नियोजनबद्ध घरे देण्याच्या घोषणेसह. थेरगाव, वाकड, रहाटणी, काळेवाडी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी ताब्यात घेण्यात आल्या किंवा आरक्षणाखाली अडकून पडल्या. कारखाने वाढले, कामगार आले, पण त्यांना परवडतील अशी घरे त्या प्रमाणात उभी राहिली नाहीत. तेव्हा गुंठा-दीड गुंठा जागा घेऊन, भविष्यनिर्वाह निधीतील पैसे काढून, बायकोचे दागिने मोडून कामगाराने स्वतःच घर बांधले. सरकारच्या दफ्तरी ते घर अनधिकृत ठरले. प्राधिकरणाच्या जुन्या विकास आराखड्यातील रिंगरोडसाठी २०१७ साली थेरगाव, रहाटणी, काळेवाडी या भागांत नोटिसा आल्या आणि घरे वाचविण्यासाठी लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. २०२१ साली प्राधिकरणच विसर्जित झाले. घर बांधून देण्याचे वचन देणारी संस्था इतिहासजमा झाली. घर बांधणारा मात्र आरोपीच राहिला.

या घरांचे भवितव्य ज्या कायदेशीर वादात गुंतले, तो वाद थेरगावात उद्भवलेला नव्हता. नवी मुंबईतील दिघा येथील इमारतींच्या प्रकरणात अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचे राज्य सरकारचे धोरण उच्च न्यायालयाने मान्य केले नाही. त्यानंतर २०१७ साली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात ५२ अ हे कलम घालण्यात आले आणि ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांपुरती नियमित होण्याची वाट काही अटींसह उघडली. या साऱ्या काळात प्रचारसभांतून घरे वाचविण्याची आश्वासने मुक्तहस्ते वाटली जात होती. त्याच काळात न्यायालयात राज्याची भूमिका कोणत्या सल्ल्यावर ठरली, धोरण कायद्याच्या कसोटीवर टिकणार नाही अशी सूचना सरकारला आधी मिळाली होती की नव्हती, आणि मिळाली असल्यास ती कोणी दडपली, हे थेरगावच्या एकाही रहिवाशाला कळलेले नाही. सभेतील आश्वासन सर्वांना ऐकू येते. कायदेशीर सल्ला मात्र लखोट्यात बंद राहतो. राज्यकर्त्यांची सोय नेमकी या अंतरातच आहे.

मतपेटीही न्यायालयाच्या दाराशी कशी थांबते, हे या शहराने अनुभवले आहे. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपली. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांचा वाद न्यायालयात अडकला आणि शहराचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिला. लाखो मतदारांचा हक्क ज्या युक्तिवादांवर टांगलेला होता, ते युक्तिवाद राज्याच्या वतीने कोण करीत होते, कोणाच्या सांगण्यावरून करीत होते, याची विचारणा करण्याची सोय मतदाराला नव्हती.

तेव्हा हा विधी अधिकारी जनतेनेच का निवडू नये, असा प्रश्न कोणी केला तर त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ५० पैकी ४३ राज्यांत हे पद राज्यव्यापी निवडणुकीने भरले जाते. न्यूयॉर्क राज्याने १८४६ च्या घटनेने ते मतदारांच्या स्वाधीन केले. गव्हर्नरच्या मर्जीतील माणसांना पदे वाटण्याच्या रिवाजाविरुद्ध त्या काळी जी लोकभावना उसळली होती, तिचेच ते फळ होते. या पद्धतीने काही कामगिरीही करून दाखविली आहे. मिसिसिपी राज्याच्या विधी अधिकाऱ्याने १९९४ साली तंबाखू कंपन्यांवर दावा लावला. पाठोपाठ इतर राज्ये उभी राहिली आणि १९९८ साली चार बड्या कंपन्यांना ४६ राज्यांशी तडजोड करून २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. गव्हर्नरच्या तोंडाकडे न पाहता कंपन्यांवर धावून जाणारा सरकारी वकील ही गोष्ट महाराष्ट्रातील कष्टकऱ्याला हेवा वाटावा अशीच आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ओक्लाहोमा राज्याचे निर्वाचित विधी अधिकारी स्कॉट प्रुइट यांनी २०११ साली केंद्रीय पर्यावरण संस्थेला धाडलेले पत्र डेव्हन एनर्जी या तेल-वायू कंपनीच्या वकिलांनी लिहून दिलेले होते, हे २०१४ साली न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणले. २०१७ साली हेच गृहस्थ त्या पर्यावरण संस्थेचे प्रमुख झाले. तेथील दोन्ही प्रमुख पक्षांनी विधी अधिकाऱ्यांच्या निवडणुकांसाठी निधी गोळा करणाऱ्या संघटना उभारल्या आहेत आणि ज्या कंपन्यांवर हे अधिकारी उद्या दावे लावू शकतात, त्याच कंपन्या त्या संघटनांच्या थैल्या भरतात. मत जनतेचे, खर्च भांडवलदाराचा आणि पत्रावर सही विधी अधिकाऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्रात अशी निवडणूक झाली तर काय होईल, याचे साधे गणित मांडून पाहावे. विधानसभेच्या एका उमेदवाराला खर्चाची कायदेशीर मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये होती. मतदारसंघ २८८. राज्यभर उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला त्याच मापाने खर्च करावयाचा झाला तर तो ११५ कोटींच्या वर जातो. आणि प्रत्यक्ष खर्च मर्यादेत राहत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एवढा पैसा गिरणी कामगाराच्या वारसांच्या वर्गणीतून उभा राहणार नाही, ऊसतोड मजुराच्या कोयत्यातूनही नाही. तो बांधकाम व्यावसायिकांकडून, साखरसम्राटांकडून आणि उद्योगपतींकडून येईल. ज्याच्या पैशाने निवडून यावयाचे त्याच्याविरुद्ध न्यायालयात उभे राहण्याची छाती किती जणांना होईल? शिवाय झुंडीला खूश करण्यासाठी अप्रिय आरोपीवर, परप्रांतीय मजुरावर, अल्पसंख्याकावर कायद्याचा बडगा उगारून मते मिळविण्याचा मोह वेगळाच. मत हे सत्तेचे मूळ आहे, पण प्रत्येक खुर्चीखाली मतपेटी ठेवल्याने लोकशाही वाढते असे नाही.

याचा अर्थ आज आहे ते ठीक आहे, असा मात्र मुळीच नाही. ‘कायदा हा तज्ज्ञांचा विषय, त्यात लोकांनी लुडबूड करू नये’ असे सांगणाऱ्या मंडळींची मखलाशी अधिक घातक आहे. घटनेच्या १६५ व्या कलमान्वये महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि राज्यपालांची मर्जी असेतोवर तो पदावर राहतो. राज्यपालांची मर्जी म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची मर्जी, हे १९७४ च्या शमशेरसिंग खटल्यातील निकालानंतर तरी कोणाला समजावून सांगावयास नको. घटनेच्या मूळ मसुद्यात तर मुख्यमंत्र्याने राजीनामा देताच महाधिवक्त्यानेही पद सोडावे, अशी तरतूद होती. ती गळाली, पण तिचा आत्मा जिवंत राहिला. वकीलवर्गाला स्वतःपुरती लोकशाही मात्र मान्य आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यान्वये महाराष्ट्र आणि गोव्याचे वकील आपल्या परिषदेसाठी राज्यव्यापी मतदान करतात, पसंतीक्रमाने मते देतात. महाधिवक्ता तेथे पदसिद्ध सदस्य असतो. वकिलांनी वकिलांना निवडावे हे योग्य, आणि ज्यांच्या नावाने वकिली चालते त्या जनतेने साधा प्रश्नही विचारू नये, हा कोणता न्याय?

अशिलाच्या गुपिताचा आडपडदा पुढे केला जाईल. पण येथे अशील कोण? मंत्री नव्हे, सचिव नव्हे. अशील राज्य आहे आणि राज्य जनतेचे आहे. खटला चालू असताना डावपेच उघड करू नयेत, हे समजण्याजोगे आहे. खटला संपल्यावरही सल्ला तिजोरीत का ठेवावा? ज्या ब्रिटिश परंपरेचे दाखले येथील विधिज्ञ उठल्यासुटल्या देतात, तिच्या मायभूमीतच ४ डिसेंबर २०१८ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ब्रेक्झिटविषयीचा कायदेशीर सल्ला दडवून ठेवल्याबद्दल सरकारला ३११ विरुद्ध २९३ मतांनी सभागृहाच्या अवमानाचे दोषी ठरविले. दुसऱ्याच दिवशी सल्ला प्रसिद्ध झाला. राज्य कोसळले नाही, वकिली बुडाली नाही.

महाराष्ट्रातही दार आहे. ते कोणी ठोठावत नाही इतकेच. घटनेच्या १७७ व्या कलमाने महाधिवक्त्याला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलण्याचा आणि कामकाजात भाग घेण्याचा अधिकार दिला आहे. मताचा अधिकार नाही एवढेच. हा अधिकार शोभेसाठी दिलेला नाही. आमदारांनी मात्र त्याचा उपयोग राज्याच्या दाव्यांचा नियमित हिशेब मागण्यासाठी करून घेतलेला नाही. मार्च २०१६ मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे यांच्या वेगळ्या मराठवाड्याविषयीच्या जालन्यातील विधानावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या विधानाविषयी कोणाचे मत काहीही असो. महाधिवक्ता सभेत काय बोलला यावर सभागृह पेटून उठते आणि तो न्यायालयात जनतेच्या नावाने काय बोलतो यावर तेच सभागृह मौन पाळते, ही विसंगती कोणाच्याही नजरेतून सुटू नये.

आणखी एक हत्यार गंजत पडले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९१ व्या कलमाने सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध किंवा लोकांना बाधक अशा अन्य गैरकृत्याविरुद्ध दावा लावण्याचा अधिकार महाधिवक्त्याला दिला आहे. अमेरिकेतील विधी अधिकारी ज्याच्या जोरावर कंपन्यांना नमवितात, तशा अधिकाराचे बीज येथील कायद्यात आहे. त्यासाठी निवडणुकीची गरज नाही. पवनेच्या प्रदूषणासारखे प्रश्न २०१० च्या कायद्याने हरित न्यायाधिकरणाकडे गेले हे खरे. पण बाकीचे क्षेत्र लहान नाही. १७ एप्रिल २०२३ रोजी याच शहरातील रावेत-किवळे येथे अनधिकृत जाहिरात फलक कोसळून पाच जण मेले. मे २०२४ मध्ये घाटकोपरला फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. रस्त्याच्या कडेला लटकणारे हे मृत्यू सार्वजनिक उपद्रव नव्हेत तर काय? गेल्या दहा वर्षांत महाधिवक्त्याने या कलमाखाली किती दावे लावले, किती नागरिकांनी त्यासाठी अर्ज केले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, ही माहिती सरकारने सभागृहापुढे ठेवावी.

मागण्या अवघड नाहीत आणि त्यांतील बहुतेकांसाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. नेमणुकीपूर्वी शिफारशीचे नाव दोन्ही सभागृहांच्या सर्वपक्षीय समितीपुढे ठेवले जावे आणि समितीचे मत प्रसिद्ध व्हावे. प्रत्येक अधिवेशनात महाधिवक्त्याने सभागृहात येऊन राज्याच्या प्रमुख दाव्यांचा हिशेब द्यावा: कोणत्या निकालाविरुद्ध अपील केले, कोणत्या निकालापुढे गप्प बसले, आणि का. कामगाराच्या बाजूने निकाल लागला की अपिलाची घाई आणि मालकाच्या बाजूने लागला की मौन, असे होत असेल तर ते त्या हिशेबात दिसेल. होत नसेल तर तेही दिसेल. खटला अंतिमतः निकालात निघाल्यावर महाधिवक्त्याचा सल्ला सभागृहाच्या पटलावर यावा. आणि ९१ व्या कलमाखाली नागरिकांनी केलेल्या अर्जाला ठरावीक मुदतीत सकारण उत्तर देणे बंधनकारक असावे.

या गोष्टी वरून मिळणार नाहीत. तेच ९१ वे कलम न्यायालयाच्या परवानगीने दोन किंवा अधिक नागरिकांनाही दावा लावण्याची मुभा देते, मग त्यांचे स्वतःचे खास नुकसान झालेले असो वा नसो. थेरगाव, काळेवाडी, वाकड येथील कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत फिरून धोकादायक फलक, अडविलेले सार्वजनिक रस्ते, बळकावलेली मैदाने यांच्या नोंदी कराव्यात, छायाचित्रे आणि कागदपत्रे जमवावीत, प्रथम महाधिवक्त्याकडे रीतसर अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. उत्तर आले नाही तर तीच पोच घेऊन चिंचवडच्या आमदाराचे दार गाठावे व हा प्रश्न सभागृहात मांडण्याची मागणी करावी. तेथेही दाद मिळाली नाही तर न्यायालयाची परवानगी मागावी. महाधिवक्त्याला मत देण्याचा हक्क थेरगावकराला नसेल. त्याला लेखी प्रश्न विचारण्याचा हक्क आजही आहे, आणि तो बजावण्यासाठी कोणत्याही निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही.