गांजा ‘पचतो’ म्हणजे नेमके काय होते?

गांजा ओढणाऱ्याच्या घरून एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘डॉक्टर, ते रोज ओढतात, पण त्यांना काही होत नाही. पचतो त्यांना.’ हे सांगताना बायकोच्या किंवा आईच्या स्वरात काळजी असतेच, पण कुठेतरी थोडा अभिमानही डोकावतो. नवशिका पोरगा दोन झुरक्यांत भिंत धरून बसतो आणि आमचा माणूस तीन चिलमी ओढून सरळ चालत घरी येतो, भाकरी खातो, गुरांना वैरण टाकतो. मग बिघडले कुठे?

माझ्या मते बिघडले आहे ते या ‘पचणे’ शब्दातच. भाकरी पचते म्हणजे ती अंगी लागते. गांजाचे तसे काही होत नाही. तो शरीरातील चरबीत मुरतो. रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही त्याचे अंश लघवीत काही आठवडे सापडू शकतात. मग त्याला अंमल कमी का चढतो? याचे उत्तर पोटात नाही, मेंदूत आहे.

गांजातील ज्या द्रव्याने कैफ येतो त्याला टीएचसी म्हणतात. इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पण ते मेंदूत नेमके कुठे जाऊन बसते, हे कळायला १९८८ साल उजाडले. अमेरिकेत ॲलिन हाउलेट यांच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवरील त्याची जागा सापडली. शास्त्रज्ञ तिला रिसेप्टर म्हणतात, आपण कुलूप म्हणू. कुलूप आहे म्हणजे शरीराची स्वतःची किल्लीही असणारच. ती १९९२ साली मेशुलाम यांच्याच गटाला सापडली आणि त्यांनी तिचे नाव ठेवले ‘आनंदमाइड’, आपल्या संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून! भूक, झोप, आठवण, भीती, वेदना यांचा तोल राखण्यासाठी शरीर ही किल्ली गरजेपुरती बनवते आणि काम झाले की लगेच मोडून टाकते.

गांजाची किल्ली अशी झटकन मोडत नाही. दिवसातून तीन-चार वेळा ती कुलपांत फिरू लागली की मेंदू आपला बचाव करतो. काही कुलपे आत ओढून घेतो, उरलेली जड करून ठेवतो. अमेरिकेतील एका अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या बाहेरच्या थरात ही कुलपे सुमारे २० टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे घरचे ज्याला ‘पचणे’ म्हणतात, ते मेंदूने दारे लावून घेणे आहे. साहजिकच शरीराच्या स्वतःच्या आनंदमाइडलाही दारे कमी मिळतात. म्हणून अशा माणसाला चिलीम ओढल्याशिवाय जेवण गोड लागत नाही आणि पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. काल एका चिलमीत भागत होते, आज दोन लागतात. यात ताकद वाढलेली नाही, गरज वाढली आहे.

शिवाय ही सवय सगळ्या अवयवांना सारखी होत नाही. कैफ कमी होतो, छातीतली धडधड कमी होते. पण फुप्फुसांना धुराची सवय होत नाही, आणि खिशालाही नाही. अंमल पूर्वीइतकाच हवा म्हणून धूर दुप्पट जातो, त्यात मिसळलेली तंबाखूही दुप्पट जाते. मनाचे काय? स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांची १५ वर्षांची माहिती १९८७ साली प्रसिद्ध झाली. ५० पेक्षा अधिक वेळा गांजा घेतल्याचे ज्यांनी सांगितले होते, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण गांजा न घेणाऱ्यांच्या सहापट होते. यातला सगळा दोष गांजाचाच असे म्हणता येणार नाही, इतर कारणेही असतात. पण ज्या घरात मामाला किंवा चुलत्याला मनाचा आजार झालेला आहे, त्या घरातील मुलाने ‘मला पचतो’ या भरवशावर राहू नये.

इथे आमचे काही सुशिक्षित गांजाप्रेमी इंग्रज सरकारच्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा दाखला देतात. त्या कमिशनने बेताच्या सेवनाने फारसे नुकसान होत नाही असे म्हटले होते, हे खरे. पण त्याच अहवालात अतिसेवन घातक म्हटले आहे, ते पान मात्र कोणी वाचून दाखवत नाही. आणि तेव्हाचा माल व आजचा माल एकच, असे कोणी सांगावे? अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या गांजात टीएचसीचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले. आपल्याकडच्या पुडीवर तर काहीच छापलेले नसते.

आता मुख्य गोष्ट. गांजा सोडायचे ठरवलेला माणूस बहुधा पहिल्या आठवड्यातच परत चिलमीकडे वळतो, आणि पुष्कळदा त्याला परत पाठवणारे घरचेच असतात. सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते. ताटावरून उठणे, मुलांवर खेकसणे, रात्रभर येरझाऱ्या, घाम, डोकेदुखी, पोटात कालवाकालव आणि पहाटे डोळा लागलाच तर भलती स्वप्ने. आई म्हणते, ‘ओढत होता तेव्हा बरा होता की. शांत तरी बसायचा.’ तिसऱ्या-चौथ्या रात्री वडीलच कनवटीचे पैसे काढून देतात, शेजारीपाजारी तमाशा नको म्हणून. एक झुरका घेताच माणूस निवतो आणि घरादाराची खात्री पटते की गांजा हेच याचे औषध!

हा भ्रम आहे. ती चिडचिड म्हणजे त्याचा मूळ स्वभाव नव्हे, मेंदू कुलपे परत बसवीत असल्याची ती खूण आहे. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. झोप तेवढी थोडी उशिरा रुळावर येते. दारू एकदम सोडल्यावर झटके येऊन जिवावर बेतू शकते, तसे नुसत्या गांजाचे होत नाही. मात्र दोन्ही व्यसने असतील तर घरच्या घरी प्रयोग नको, डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडवावे. या दिवसांत त्याच्यापुढे भरलेले ताट ठेवून आग्रह करू नये. पेज, ताक, केळे असे थोडे थोडे द्यावे. दुपारनंतर चहा बंद. संध्याकाळी दमेल इतके चालवावे. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नयेत, एक सुटते आणि दुसरे लागते. आणि चिलमीतली तंबाखूही सुटलेली असते हे विसरू नये. गांजा सोडून विड्यांची बंडले संपवणारे पुष्कळ असतात.

एक लक्षण मुद्दाम सांगतो, कारण त्यावर विनाकारण पित्ताच्या गोळ्या चालू असतात. वर्षानुवर्षे गांजा ओढणाऱ्या काहींना सकाळी मळमळ, उलट्या आणि पोटदुखीचे झटके येऊ लागतात आणि कढत पाण्याने अंघोळ केल्यावरच बरे वाटते. दिवसातून चार-पाचदा गरम पाणी अंगावर घेणारा असा कोणी घरात असेल, तर डॉक्टरांना गांजाचे स्पष्ट सांगावे. २००४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी हा आजार प्रथम नोंदवला. गांजा पूर्ण थांबवल्यावर तो जातो, कमी करून भागत नाही.

तरुण मुले वेगळाच प्रश्न विचारतात. ‘महिनाभर बंद ठेवून परत ओढला तर पहिल्यासारखा चढतो म्हणतात, खरे का?’ खरे आहे, लपवण्यात अर्थ नाही. कुलपे दोन दिवसांतच परतू लागतात आणि सुमारे चार आठवड्यांत त्यांची संख्या पूर्ववत होते. पण म्हणूनच त्या वेळी जुनी मात्रा घेणे धोक्याचे. ज्याला तीन चिलमी ‘पचत’ होत्या, त्याला महिन्यानंतर एकच घाबरवून सोडू शकते. छाती धडधडते, कोणीतरी मागावर आहे असे वाटते, जीव जातो की काय असे होते. होळीला किंवा महाशिवरात्रीला भांग घेणाऱ्यांचे तर आणखी फसते. पोटात गेलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. तेवढा धीर नसतो, दुसरा पेला रिचवला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. खरे सांगायचे तर, ज्याने चार आठवडे काढले त्याने सगळ्यात अवघड भाग पार केलेला असतो. मेंदू दुरुस्त करून घ्यायचा तो पुन्हा बिघडवण्यासाठी, हा हिशेब मला तरी कळत नाही.

पूर्ण बंद करणे ज्याला एकदम जमत नाही, त्याने निदान सकाळची चिलीम आधी सोडावी आणि दिवसाची पहिली वेळ रोज पुढे ढकलावी. दोन-तीनदा असे करून फसले असेल, तर कमी करण्याचा नाद सोडून सरळ उपचार घ्यावेत.

उपचाराला लोक येत नाहीत त्याचे एक कारण पोलिसांची भीती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस हा गुन्हा आहे, हे बरोबर. पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भांग, गांजा, चरस यांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक आढळले; तेव्हा आपलेच घर निराळे आहे असे समजून तोंड लपवण्याचे कारण नाही. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन आहे, दोन्हींना पैसे पडत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना दिवसाला किती चिलमी, किती वर्षांपासून, सोबत तंबाखू किंवा दारू आहे का आणि शेवटची कधी ओढली, एवढे कागदावर लिहून न्यावे. घरचे एखादे माणूस बरोबर असलेले बरे, कारण चिलमींचा आकडा पेशंट सहसा निम्माच सांगतो.