‘माझी सहल’ हा निबंध सगळ्यांचा सारखाच का येतो?



चौथीच्या वर्गाला ‘माझी सहल’ हा निबंध द्या आणि वह्या तपासायला घ्या. चाळीस वह्यांत एकच निबंध सापडतो. पहाटे शाळेत जमलो. बसमध्ये भेंड्या खेळलो. अमुक ठिकाण पाहिले. डबा खाल्ला. संध्याकाळी परत आलो. खूप मजा आली. आपण लाल पेनाने ‘वर्णन वाढव’ असा शेरा मारतो. पण वर्णन वाढवायला मुलाने आधी काही नीट पाहिलेलं तरी असावं लागतं ना?

माझं मत असं आहे की दोष मुलांच्या भाषेत नाही, सहलीच्या वेगात आहे. बसच्या खिडकीतून किनारा म्हणजे चार ‘पॉइंट’. तोच किनारा सायकलवरून आणि पायी पाहिला तर प्रत्येक वळणाला एक प्रश्न पडतो. आणि प्रश्न पडला की वाक्य आपोआप सुचतं.

उदाहरण म्हणून हरिहरेश्वर ते मुरूड-हर्णै हा टापू घेऊ. (हे दापोली तालुक्यातलं मुरूड. जंजिऱ्याजवळचं मुरूड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात.) हरिहरेश्वरहून बागमांडल्याला यायचं, सायकली फेरीबोटीत चढवायच्या आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. एका खाडीत जिल्हा बदलतो : अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. सावित्रीचा आणि कृष्णेचा उगम एकाच महाबळेश्वरात होतो हे आपण फळ्यावर शिकवतो. पण एक नदी पूर्वेला पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते आणि दुसरी इथेच, समोर, अरबी समुद्रात संपते, हे बोटीच्या कठड्याला धरून उभं राहिलेल्या मुलाला वेगळं समजवावं लागत नाही.

पुढे बाणकोटचा किल्ला, मग वेळास, केळशी, आंजर्ले. नकाशात हा रस्ता किनाऱ्याने सरळ गेलेला दिसतो. सायकलवर कळतं की गाव सुटलं की चढ, जांभ्या दगडाचा उघडा सडा, मग उतार, की पुढचं गाव. सह्याद्रीचे फाटे थेट समुद्रापर्यंत आलेत आणि त्यांच्या बेचक्यांत गावं वसलीत. ‘कोकणची भूमी डोंगराळ आहे’ हे पुस्तकातलं वाक्य पोटऱ्यांना समजतं. चढावर सायकल हातात धरून चाललं तरी काही बिघडत नाही. उलट तेव्हाच काजूची बोंडं दिसतात आणि मोहोर कुठला, कैरी कुठली हे कळतं.

म्हणूनच मे महिना नको. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, म्हणजे शिमग्याच्या आगेमागे जावं. मेच्या घामट उकाड्यात मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. शिमग्यात गावोगाव ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. याच दिवसांत वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून तिथे अंडी राखली. आज पिल्लं पाहायला आलेले पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. संवर्धन हा शब्द मुलांना पाठ असतो. तो शब्द तळहाताएवढ्या पिल्लाच्या रूपाने पाण्याकडे जाताना दिसला तर निबंधाला ‘खूप मजा आली’च्या पुढचं वाक्य मिळतं.

आता गणिताकडे येतो. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि रात्रीही तीनच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. रंगपंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे का सरकते? कारण चंद्र रोज तितका उशिरा डोक्यावर येतो. आपण पाऊणकीचा पाढा कधीच टाकून दिला, पण तो इथे अजून कामाचा आहे! मुरूडहून कर्देकडे ओल्या, घट्ट वाळूवरून चालत जायचं असेल तर हे गणित मुलांनीच करावं. उत्तर बरोबर आलं की नाही ते समुद्र सांगतो.

इथे पालक म्हणतील, समुद्र धोक्याचा आहे. खरं आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याजवळच्या मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातले १४ विद्यार्थी बुडाले. हे कोणीही विसरू नये. त्यामुळे पन्नास मुलांची शाळेची सहल सायकलवर किनाऱ्याला न्यावी असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो ते दोन-तीन कुटुंबांनी मिळून करण्याबद्दल. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. डोक्याला हेल्मेट. सकाळी साडेसहाला निघायचं, साडेदहाला थांबायचं. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर पुष्कळ झाले. पाण्यात उतरण्याआधी स्थानिक कोळ्यांना विचारायचं, आणि आपलं गणित काहीही सांगो, त्यांचा शब्द शेवटचा. मला वाटतं, भीतीपोटी मुलांना समुद्रापासून कायमचं लांब ठेवण्यापेक्षा भरती-ओहोटी ओळखायला शिकवणं जास्त सुरक्षित आहे. मुलं कधी ना कधी मित्रांबरोबर एकटी जाणारच आहेत.

दुसरी हरकत अभ्यासाची. दोन दिवस क्लास बुडेल! याच मुरूडमध्ये महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं. परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. मुलांनी असे हाल सोसावेत असं मला म्हणायचं नाही. पण एका हुकलेल्या परीक्षेने कर्वे थांबले नाहीत, मग दोन बुडालेल्या क्लासने आपल्या मुलाचं काय अडणार आहे?

खर्चाचं म्हणाल तर गिअरची महागडी सायकल लागत नाही. ब्रेक चांगले हवेत आणि पंक्चर काढता यायला हवं. खाऱ्या वाळूतून आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुवून तेल घालावं. हे कामही मुलांनाच द्या.

शिक्षक मित्रांना एक विनंती. या प्रवासाला ‘प्रकल्प’ करू नका. तक्ते नकोत, फोटो चिकटवणं नको. रोज रात्री प्रत्येकाने वहीत फक्त एक प्रश्न लिहावा, ज्याचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नाही. तीन दिवसांचे तीन प्रश्न होतील. मुलं शाळेत परतली की त्यांना निबंधाचा विषय देण्याऐवजी ते तीन प्रश्न वर्गात वाचायला सांगा. बाकीची मुलं काय काय विचारतात ते ऐका आणि मगच वह्या उघडायला सांगा.