पुंगळी घरची, प्रायमर मात्र कारखान्याचा

अमेरिकेतील नेमबाजीच्या मैदानावर सराव आटोपला, की अनेक जण वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचताना दिसतात. पितळेची पुंगळी हा काडतुसाचा सर्वसाधारणपणे सर्वांत महाग भाग. पिस्तुलाची असेल, तर ती अनेकदा वापरता येते. नवा प्रायमर, दारू आणि गोळी घालून घरीच काडतूस भरण्याचा छंद तेथे जुना आणि कायदेशीर आहे. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळाच मानले जातात.) या छंदामागे काटकसर आहे, तसाच स्वावलंबनाचा अभिमानही आहे.

तो अभिमान २०२०मध्ये पार उतरला. प्रायमर एकदाच पेटतो, आणि त्यातील लेड स्टिफनेटसारखे संवेदनशील स्फोटक हे घरी करण्याचे काम नव्हे. त्या वर्षी एफबीआयकडे शस्त्रखरेदीसंबंधीच्या सुमारे ३ कोटी ९७ लाख पडताळण्या झाल्या. नव्या शस्त्रधारकांना तयार काडतुसे हवी होती. कारखान्यांनी प्रायमर तिकडेच वळविले. सुटे प्रायमर दुकानांतून दिसेनासे झाले आणि मिळाले तेथे भाव दुपटी-तिपटीवर गेले. पुंगळी निवडण्याचे निकषही त्यामुळे उलटले. शिसेविरहित प्रायमर आल्यावर काही कंपन्यांनी .४५ ऑटोच्या पुंगळीला मोठ्याऐवजी लहान प्रायमरचे भोक ठेवले होते. एरवी ही सरमिसळ म्हणजे डोकेदुखी, आणि अशा पुंगळ्या बाजूला फेकल्या जात. टंचाईत मात्र जो प्रायमर हाती लागेल तो बसणारी पुंगळी मोलाची ठरली!

वस्तुतः खरी अडचण मालकीची आहे. अमेरिकेत प्रायमर बनविणारी मोठी नावे चारच : फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. पहिली दोन व्हिस्टा आउटडोअरकडे होतीच. रेमिंग्टनने २०२०मध्ये दिवाळखोरी जाहीर केल्यावर तिचा काडतूस-व्यवसायही व्हिस्टानेच घेतला. हा सारा पसारा नोव्हेंबर २०२४मध्ये सुमारे २२२ कोटी डॉलरना प्रागच्या चेकोस्लोव्हाक ग्रुपकडे गेला. तत्कालीन सिनेटर जे. डी. व्हान्स यांच्यासह काहींनी राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा काढला होता. सरकारी समितीने जून २०२४मध्येच हिरवा कंदील दाखविला.

मालक चेक की अमेरिकी, यावर एवढा गदारोळ झाला. चारांपैकी तीन नावे एकाच तिजोरीत गेली, त्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. उरलेले विंचेस्टर ऑलिन कंपनीचे, आणि मिसुरीतील लेक सिटी हा लष्करी काडतूस कारखानाही ऑक्टोबर २०२०पासून तीच चालविते. राहिला आयातीचा मार्ग. युरोपातून अमेरिकेत प्रायमर पाठविणाऱ्यांत इटलीची फियोकी हे एक मोठे नाव. तिचा बहुसंख्य हिस्सा २०२२मध्येच त्याच चेक समूहाने घेतला आहे.