साधन घेण्यापूर्वी

शाळेला काही द्यावयाचे ठरले की हल्ली आपल्या दात्यांच्या मनात प्रथम येतो तो भिंतीवरचा मोठा डिजिटल फळा. तो दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते आणि त्याखाली नावाची पाटी शोभते. देणाऱ्याच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दुकानासाठी साधा काटा घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारे आपण शाळेसाठी लाखभराची वस्तू घेताना एकही प्रश्न विचारत नाही, याचे मात्र नवल वाटते.

पहिला प्रश्न असा असावा की या वस्तूने मूल काय करणार? फळ्यावर शिक्षक दाखवितात व मुले पाहतात. मुलाने स्वतः गोष्ट रचावी, आपल्या आवाजात सांगावी, चित्रांची जोड द्यावी, हा हेतू असेल तर साधन मुलाच्या हाती असले पाहिजे. सिडकोने वसविलेल्या आपल्या खांदा कॉलनीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. एकाच इमारतीत मारवाडी, गुजराती, कच्छी, कन्नड बोलणारी घरे. शाळा बहुधा इंग्रजी. आणि खांदेश्वर स्थानकापर्यंतच्या रस्त्यावरची भाषा मराठी. अशा मुलाची गोष्ट कोणत्या भाषेत जन्म घेते, हे साधन निवडणाऱ्याने आधी पाहावयास हवे.

याचे उत्तम उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. मुलांची घरची भाषा कन्नड, आणि पाठ्यपुस्तके मात्र त्या भाषेत नव्हती. डिसले गुरुजींनी आधी स्वतः कन्नड शिकून घेतले. त्यानंतर पुस्तकांत क्यूआर संकेत योजले. मोबाइल धरला की कविता ऐकू यावी, पाठ दिसावा, गोष्ट उलगडावी. २०१७ मध्ये राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांसाठी हा उपाय स्वीकारला. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या दातृत्वाचे कौतुक सर्वत्र झाले, ते योग्यच. मला मात्र कामाचा क्रम अधिक मोलाचा वाटतो. आधी मुलांची भाषा, मग पाठ, आणि सर्वांत शेवटी यंत्र. यंत्रही असे, की पुस्तकावरचा तो चौकोन छापण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

याच्या शेजारी पुण्याची बालचित्रवाणी ठेवून पाहावी. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने कित्येक वर्षे दूरदर्शनसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. पुढे अनुदान आटले आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. एका पिढीला तिने आनंद दिला, हे नाकारता येणार नाही. तथापि स्टुडिओ, कर्मचारी आणि वार्षिक निधी यांवर उभे असलेले काम निधीसोबतच थांबते. आपल्या भाषेत सांगायचे तर खरेदीची किंमत आणि चालविण्याची किंमत या दोन वेगळ्या रकमा आहेत, आणि शाळेला दुसरी जड जाते.

मोठ्या कंपन्यांचे नाव ही तरी हमी आहे काय? गूगलचा ‘जॅमबोर्ड’ अनेक वर्गांत पोहोचला होता. २०२४ च्या अखेरीस तो बंद झाला. मुलांना लहान चित्रफिती करून वर्गात दाखविता याव्यात, यासाठी शिक्षकांचे आवडते झालेले मायक्रोसॉफ्टचे ‘फ्लिप’ हे स्वतंत्र ॲप त्याच वर्षी जुलैत गुंडाळले गेले. हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलताना जुन्या नोंदी बाहेर काढता येतील की नाही, हे प्रत्येक व्यापारी विचारतो. तोच प्रश्न येथे विचारावा. मुलाने केलेली गोष्ट साध्या ध्वनिफितीच्या, चित्रफितीच्या किंवा पीडीएफच्या रूपात आपल्या पेनड्राइव्हवर उतरविता येते का? येत नसेल तर तो माल आपला नव्हे, दुसऱ्याच्या वखारीतला आहे.

मराठीसाठी एक छोटी परीक्षा पुरेशी आहे. त्या ॲपमध्ये ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘त्र्याऐंशी’ हे तीन शब्द टंकून पाहावेत व नंतर ते छापून घ्यावेत. जोडाक्षरे फुटली, वेलांटी भलतीकडे गेली, तर विक्रेत्याला नम्रपणे नमस्कार करावा.

फुकट मालाविषयी अधिक सावध राहावे. मोबदला पैशात घेतला नाही तर तो मुलाच्या नावात, चेहऱ्यात, आवाजात आणि सवयींत घेतला जाण्याचा संभव असतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. संमतीच्या त्या खुणेवर आपण न वाचता बोट ठेवतो. मात्र सर्वच विनामूल्य साधने अशी नसतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, त्या उतरवून घ्याव्यात, भाषांतर करावे, तेथील चित्रे घेऊन नवी गोष्ट रचावी, याची मुभा आहे. घरी मारवाडी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलीने एक गोष्ट दोन्ही भाषांत करून पाहणे, हा सुटीतील उत्तम उद्योग ठरेल. ध्वनिमुद्रण नीट करण्यासाठी संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य साधन आहे. दहा वर्षांखालील मुलांना त्याचीही गरज नाही. घरातील जुन्या मोबाइलचा ध्वनिमुद्रक पुरे.

विषय तर दारातच आहे. पनवेल ही जुनी बाजारपेठ. भाताच्या गिरण्या आणि मुंबई-पुण्याचा रस्ता यांवर वाढलेली. आजोबांनी पहिली गादी कोठे मांडली, पहिली उधारी कोणास दिली, माल कोणत्या वाहनाने येई, वहीत नोंद कोणत्या लिपीत होई, हे नातवंडांनी विचारावे आणि आजोबांच्याच आवाजात जपावे. आजींकडे याच काळाची निराळी हकीकत असते. ती बहुधा कोणी विचारलेली नसते. वाटणीची, नुकसानीची किंवा देण्याची कटू कथा निघाली तर ती घराबाहेर जावी की नाही, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे. चित्रीकरणापूर्वी गोष्टीचे सहा चौकोन वहीच्या पानावर काढून घ्यावेत. पान रिकामे राहिले तर अजून विचारणे बाकी आहे असे समजावे, आणि मोबाइल तेवढा वेळ खिशातच ठेवावा.

येत्या वर्षासाठी देणगी ठरविणाऱ्या कुटुंबांनी शाळेच्या शिक्षकांना एवढेच विचारावे की गेल्या वर्षी आलेले यंत्र आठवड्यातून किती तास चालले, आणि ते बिघडले तेव्हा दुरुस्तीचे बिल कोणी भरले. उत्तर ऐकल्यावर फळ्याऐवजी चार चांगले मायक्रोफोन, दोन वर्षांचे इंटरनेट आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे मानधन देण्याची इच्छा झाली, तर पाटीसाठी भिंतीवर जागा उरणार नाही. पावती मात्र मिळेल.