इथली वर्षंही मोजा



रात्रपाळीला एका कानात इयरफोन घालून काम करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कुणी कीर्तन लावतं, कुणी जुनी नाटकं. मी मध्यंतरी एक इंग्रजी श्रुतिका ऐकली. भाषा जरा जड गेली, पण गोष्ट आपलीच वाटली, म्हणून लिहितोय.

'गॅलिफ्रे: टाइम वॉर' हे तिचं नाव. बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीने २०१८ ते २०२१ या काळात तिचे चार संच काढले. 'डॉक्टर हू' या प्रसिद्ध मालिकेच्या जगातलीच ही गोष्ट आहे. (ती मालिका ब्रिटनबाहेर सगळ्यात आधी दिसली ती इथे न्यूझीलंडमध्ये, सप्टेंबर १९६४ मध्ये.) भूतकाळात, भविष्यात, हवं तिथे जाऊ शकणाऱ्या लोकांचा एक ग्रह असतो. त्यांचं मोठं युद्ध पेटतं, आणि ते लढायला रॅसिलॉन नावाचा जुना सत्ताधीश परत येतो. त्याच्या राज्यात विरोधकाची गय नाही. एकेकाळी अध्यक्ष असलेली रोमाना आणि तिचा सहकारी नार्विन हद्दपार होतात. मग युद्ध चुकवत, हरवलेल्या मैत्रिणीला शोधत दोघं वणवण फिरतात. काळ ज्यांच्या मुठीत होता, त्यांनाच घरी जायची वाट सापडत नाही.

हे ऐकताना मला आपण आठवलो. आपल्यामागे कुठलं युद्ध लागलेलं नाही, हे मान्य. आपण पोटासाठी आलो. पण इथे उतरलो की आपणही मनातलं घड्याळ बंद करून टाकतो. "दोन वर्षं काढू कशीतरी." "एजंटचं कर्ज फिटू दे." "आधी पीआर होऊ दे, मग बोलू." म्हणजे ही वर्षं आयुष्यात धरायचीच नाहीत! खरं आयुष्य गावी थांबलंय, परत गेलो की ते पुढे सुरू होणार. माझं स्पष्ट मत आहे की आपली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. वाईट मालक आपल्या या एका समजुतीवर जगतो.

"तात्पुरतं" या शब्दाचं काय होतं, ते याच देशात एकदा दिसलंय. वेलिंग्टनच्या उत्तरेला पाहियाटुआ नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात घरादारातून हाकललेली ७३३ पोलिश मुलं आणि सुमारे शंभर मोठी माणसं १९४४ च्या नोव्हेंबरात तिथे छावणीत आली. इराणहून निघालेल्या या मुलांनी मुंबईत जहाज बदललं होतं. त्याच काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. युद्ध संपलं की मुलं घरी जाणार, असंच सगळे धरून होते. युद्ध संपलं, पण सरहद्द सरकली आणि राज्य बदललं. ज्या घरी जायचं होतं ते घरच उरलं नाही. बहुतेक मुलं इथेच वाढली, इथेच म्हातारी झाली.

त्या मुलांना निदान सरकारने बोलावून आणलं होतं. आपल्या व्हिसावर मालकाचं नाव असतं. म्हणून आपण गप्प बसतो, आणि ती गप्प बसलेली वर्षं कुणी परत देत नाही.

माझा एक मित्र सांगली जिल्ह्यातला. एका हॉटेलच्या भटारखान्यात आठवड्याला ५५ तास राबायचा, पेस्लिपवर यायचे ३०. मी विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे रे, रेसिडेन्सी मिळेपर्यंतच आहे." कागद काढून हिशोब केला. १ एप्रिल २०२५ ला इथलं किमान वेतन ताशी २३ डॉलर ५० सेंट झालं. त्या दराने २५ तासांचे ५८७ डॉलर ५० सेंट होतात, दर आठवड्याला! तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला.

आता कामाची गोष्ट. काळात मागे जाण्याची एक सोय आपल्यालाही आहे, आणि ती कायद्यात आहे. थकलेल्या पगारासाठी इथे सहा वर्षं मागे जाऊन दावा लावता येतो. मालकाने तासांची आणि पगाराची नोंद सहा वर्षं ठेवलीच पाहिजे, आणि तुम्ही मागितली तर दाखवलीच पाहिजे. त्याची नोंद खोटी असली तर? तर तुमची वही बोलेल. तारीख, कामावर गेल्याची वेळ, सुटल्याची वेळ, बस्स. रोज लिहा आणि पानाचा फोटो घरी पाठवून ठेवा. नोकरी देण्यासाठी पैसे उकळणं बेकायदा आहे. मालकाने तुमचा पासपोर्ट अडकवून ठेवणंही बेकायदा आहे.

"बोलणं सोपं आहे, उद्या व्हिसा गेला तर?" असं तुम्ही म्हणाल. भीती खरी आहे, मी ती खोटी ठरवणार नाही. २०२१ पासून शोषण झालेल्या कामगारासाठी इथे वेगळा संरक्षण व्हिसा आहे. तो मिळाला की जास्तीत जास्त सहा महिने दुसरीकडे काम करता येतं. आधी शोषणाची तक्रार करावी लागते, त्यासाठी फोन ०८०० २०० ०८८. तडकाफडकी नोकरी सोडू नका, आधी फोन करा. सहा महिने पुरतात का? नाही पुरत. नवा मालक, नवा व्हिसा, भाड्याची खोली, एवढं सगळं सहा महिन्यांत जमवताना माणूस मेटाकुटीला येतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून या व्हिसाला मुदतवाढही मिळत नाही. हे बदललं पाहिजे, आणि ते मागायचा हक्क आपल्याला आहे. पण जेवढं आहे तेवढं तरी वापरू या.

रोमाना आणि नार्विन यांची एक गोष्ट मला आवडली. घर नाही, सत्ता नाही, तरी जिथे असतील तिथे ती दोघं हातपाय हलवत राहतात. युद्ध संपेल मग बघू, असं म्हणून बसत नाहीत.

तुमच्या आईने फोनवर "कधी येणार?" असं विचारलं, तर खुशाल "दोन वर्षांनी" म्हणा. पण ती दोन वर्षंही तुमचीच आहेत. आज शिफ्ट सुटली की वही उघडा आणि पहिली ओळ लिहा.