दात्यानेही हिशेब द्यावा



गणेश चतुर्थी पार पडली की आपल्या गावच्या मंडळाची सभा भरते. खजिनदार उभे राहून वही वाचतात. वर्गणी किती जमली, फुलांना किती गेले, प्रसादाला किती, शिल्लक किती. मागच्या रांगेतून एखादी आजी विचारते, "नारळ एवढे महाग कसे हो पडले?" सगळे हसतात, पण खजिनदारांना उत्तर द्यावेच लागते, कारण त्या वहीत आजीचेही शंभर रुपये असतात. ज्याचा पैसा, त्याचा प्रश्न. हे साधे तत्त्व एका देशाने दुसऱ्या देशाला दिलेल्या मदतीला लावले तर काय दिसते? त्यासाठी आज सौदी अरेबियाचे उदाहरण घेऊ.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले आणि तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत जवळजवळ १२ डॉलरवर गेला. आपल्यासारख्या तेल विकत घेणाऱ्या देशांचे कंबरडे मोडले, तर सौदी अरेबियाच्या तिजोरीत पैसा मावेना. १९७४ साली त्या सरकारने सौदी विकास निधी स्थापन केला. १९७५ साली जेद्दा शहरात इस्लामी विकास बँकेचे काम सुरू झाले. आफ्रिका-आशियातील देशांना रस्ते, धरणे व इस्पितळे यांसाठी कमी व्याजाची कर्जे मिळू लागली. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्का मदतीसाठी द्यावा, असे संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली ठरवले होते. त्या दशकात सौदी अरेबियाने याच्या कितीतरी पट दिले. हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु हा पैसा कोणाचा होता? तो जमिनीखालून आला होता, लोकांच्या खिशातून नव्हे. सामान्य माणसाच्या पगारावर कर नव्हता. मग प्रश्न तरी कोणी विचारावा? तिथे निवडून आलेली संसद नाही. मजलिस अल्-शूरा नावाची सल्लागार सभा आहे. तिचे १५० सभासद राजाच नेमतो. परराष्ट्राला किती द्यायचे हा निर्णय राजवाड्यात होतो. आपल्या मंडळाच्या भाषेत सांगायचे तर वही आहे, खजिनदार आहे, पण मागच्या रांगेतली आजी नाही.

त्यामुळे मदतीचे दोन मार्ग पडले. एक विकास निधीचा. त्यात करार असतो, काम ठरलेले असते आणि दरवर्षी अहवाल निघतो. दुसरा मार्ग एका सत्ताधीशाने दुसऱ्या सत्ताधीशाला पैसे देण्याचा. जुलै २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्कराने अध्यक्ष मोर्सी यांना दूर केले, आणि काही दिवसांतच सौदी अरेबियाने ५ अब्ज डॉलर जाहीर केले. त्यातले २ अब्ज मध्यवर्ती बँकेत ठेव म्हणून, २ अब्जांचे तेल व वायू, आणि १ अब्ज रोख. उलट फेब्रुवारी २०१६ मध्ये लेबननच्या सैन्यासाठी कबूल केलेली ३ अब्ज डॉलरची मदत थांबवली, कारण तेहरानमधील सौदी वकिलातीवरच्या हल्ल्याचा निषेध करण्यात लेबनन सामील झाला नाही. जी मदत राग-लोभावर चालते, तिच्यावर घेणाऱ्याने आपले अंदाजपत्रक कसे बांधावे?

घेणाऱ्या देशात मात्र कधी कधी प्रश्न विचारला जातो. २०१४ साली पाकिस्तानच्या खात्यात दीड अब्ज डॉलर आले. सरकारने आधी एवढेच सांगितले की मित्रदेशाची भेट आहे. विरोधी पक्षांनी विचारले, भेटीच्या बदल्यात काय द्यायचे आहे? पुढल्याच वर्षी मार्चमध्ये येमेनचे युद्ध सुरू झाले आणि सौदी अरेबियाने सैन्य मागितले. १० एप्रिल २०१५ रोजी पाकिस्तानच्या संसदेने तटस्थ राहण्याचा ठराव केला. पैसे घेतले तरी शब्द विकलेला नाही, हे सांगायला संसद लागते.

येमेनमध्ये तर मदतीचा प्रश्न सर्वांत अवघड झाला. एप्रिल २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येमेनसाठी २७ कोटी ४० लाख डॉलर मागितले आणि ती सगळी रक्कम एकट्या सौदी अरेबियाने कबूल केली. त्याच वेळी सौदी विमाने येमेनवर बाँब टाकीत होती. मे २०१५ मध्ये राजे सलमान यांच्या नावाने रियाधला मदतकेंद्र स्थापन झाले. त्याने धान्य, औषधे, कृत्रिम हातपाय पुरवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये रियाधवर क्षेपणास्त्र आले तेव्हा याच देशाने येमेनची सारी बंदरे बंद केली. अन्नाच्या व औषधांच्या बोटी अडकल्या, आणि जगभर ओरड झाल्यावर बंदी हळूहळू सैल झाली. एका हाताने वाढायचे आणि दुसऱ्या हाताने दार लावायचे. अशा वेळी किती पोती वाटली एवढाच हिशेब पुरत नाही. वाटण्याची पाळी का आली, हेही विचारावे लागते.

जानेवारी २०१८ मध्ये येमेनच्या मध्यवर्ती बँकेत सौदी अरेबियाने २ अब्ज डॉलरची ठेव ठेवली. तांदूळ, गहू, साखर अशा जिनसा स्वस्त दराने आयात व्हाव्यात, हा हेतू होता. जानेवारी २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी आरोप केला की त्यातले ४२ कोटी ३० लाख डॉलर गैरमार्गाने व्यापाऱ्यांकडे गेले. मार्चमध्ये त्याच तज्ज्ञांनी कळवले की फेरतपासणीत पुरावा आढळत नाही, तो भाग विचारात घेऊ नये. खुला हिशेब असता तर चोर असल्यास सापडला असता, आणि नसल्यास कोणाचे नाव खराब झाले नसते. हिशेब हा प्रामाणिक माणसाचाही आधार आहे.

आता परिस्थिती बदलते आहे. २०१४ नंतर तेलाचा भाव कोसळला. जानेवारी २०१८ मध्ये सौदी अरेबियात प्रथमच ५ टक्के व्हॅट आला, आणि जुलै २०२० मध्ये तो १५ टक्के झाला. आपल्या बेटावर दुकानात भरतो तेवढाच! जानेवारी २०२३ मध्ये अर्थमंत्री महंमद अल्-जदान यांनी दावोसला सांगितले की पूर्वी आम्ही अटी न घालता अनुदाने आणि ठेवी देत होतो, आता सुधारणा पाहूनच देऊ. आम्ही आमच्या लोकांवर कर बसवतो, इतरांनीही आपले प्रयत्न करावेत.

वाचकहो, या बोलण्यात किती सत्य दडले आहे पाहा. पैसा लोकांच्या खिशातून येऊ लागला तेव्हाच मंत्र्यांना हिशेबाची आठवण झाली. परंतु ती अर्धीच झाली. घेणाऱ्याकडे हिशेब मागितला. ज्यांच्याकडून कर घेतला त्यांना मात्र तो दिला नाही. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे तिथल्या ३ कोटी २२ लाख लोकांपैकी १ कोटी ३४ लाख परदेशी आहेत. आपल्या पूर्वजांच्या रत्नागिरीचे कोकणी बांधवही त्यांत आहेत. दम्मामच्या दुकानात साबण घेताना तेही १५ टक्के भरतात. त्यांना किंवा त्यांच्या सौदी शेजाऱ्याला कोणत्या सभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो?

सौदी सरकार काहीच सांगत नाही असे नव्हे. २०१८ पासून मदतीचे आकडे प्रसिद्ध करण्याची व्यवस्था आहे. श्रीमंत देशांच्या पॅरिसमधील संघटनेलाही ते कळवले जातात. पण गणिताच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो की नुसते उत्तर लिहू नका, रीत दाखवा. आकडे छापणे म्हणजे उत्तर लिहिणे. निर्णय कोणी घेतला, का घेतला, चुकला तर जबाबदार कोण, ही रीत.

निवडून आलेली सरकारे चुकत नाहीत असेही नाही. ब्रिटनने मलेशियातील पेर्गाऊ धरणासाठी २३ कोटी ४० लाख पौंड दिले, आणि त्या मदतीचे धागे शस्त्रविक्रीशी जुळलेले निघाले. पण तिथे एका नागरिक-संघटनेने खटला भरला, आणि १९९४ साली उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. चूक दोन्हीकडे होते; पकडता येते ती एकीकडे.

शेवटी आपल्या घराकडे वळू. आपण घेणारे आहोत. २०१६ साली भारताने आपल्याला ३५ कोटी ३० लाख डॉलरचे अनुदान दिले. त्यातून मेट्रो, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घशाचे इस्पितळ, घरे आणि शाळकरी मुलांचे टॅब्लेट आले. भारत आपल्या आजी-आजोबांचा देश, म्हणून हिशेब मागायला आपली जीभ अडखळते. आगालेगाविषयी २०१५ साली भारताशी झालेल्या कराराचा मजकूर संसदेत मागितला गेला तेव्हा गोपनीयतेचे कारण पुढे आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या नव्या धावपट्टीचे उद्घाटनही झाले. आपल्याकडे लेखापरीक्षकांचा वार्षिक अहवाल निघतो, लोकलेखा समिती आहे, वर्तमानपत्रे आहेत. दम्मामच्या त्या कामगाराला जे नाही ते आपल्याला आहे. ते वापरायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. नारळाचा भाव विचारणारी आजी गणपतीवर कमी प्रेम करते, असे कोण म्हणेल? पुढच्या वर्षी वर्गणी देणाऱ्यांत तिचेच नाव पहिले असते.